स्कॉटिश कंट्री डान्समधील अध्याहार : जुन्या रचनानिर्देशांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

अठराव्या शतकातील एखाद्या ब्रिटिश नृत्यसंग्रहाचे पान उघडले, तर वरच्या बाजूस सोळा तालखंडांची एक धून आणि तिच्याखाली तीन-चार ओळींचा मजकूर एवढेच सामान्यतः आढळते. त्या तीन-चार ओळींत अख्खे नृत्य सामावलेले असते. पहिल्या जोडीने बाहेरून वळून खाली जावे, कोपऱ्यांपुढे पाय खेळवावेत, सहांनी हात धरून फिरावे, मधून खाली जाऊन परत वर यावे, अशी चार-पाच आज्ञार्थी वाक्ये दिली की संग्राहकाचे काम संपते. हात कोणता द्यावा, फेरा अर्धा की पूर्ण, दुसरी जोडी त्या वेळी स्थिर असते की हलते, यांविषयी तो मौन पाळतो. ज्यांच्यासाठी हे लिहिले गेले त्यांना ते सांगण्याची गरजच नव्हती. नृत्यशिक्षकाच्या हाताखाली दोन-तीन हिवाळे काढलेल्या माणसाला त्या ओळी स्मरणापुरत्या हव्या होत्या. आपल्याकडील सूत्रग्रंथांशी परिचय असलेल्या वाचकास ही स्थिती नवी वाटणार नाही. सूत्र संक्षिप्त असते, कारण भाष्य मुखोद्गत असते. मात्र भाष्याची परंपरा खंडित झाली आणि सूत्र तेवढे हाती उरले, म्हणजे अध्याहार कोणता आणि किती करावयाचा हा प्रश्न उभा राहतो.

स्कॉटिश कंट्री डान्सच्या बाबतीत हा प्रश्न निव्वळ ग्रंथालयापुरता मर्यादित नाही. स्कॉटलंडबाहेरही अनेक देशांत आज ही नृत्ये शिकविली जातात आणि त्यांपैकी पुष्कळांच्या शीर्षकाखाली एखाद्या जुन्या हस्तलिखिताचे किंवा संग्रहाचे नाव व साल दिलेले असते. 'मंटगमरीज रँट' या नृत्याखाली कॅसल मेन्झीजच्या हस्तलिखिताचा आणि १७४९ सालाचा निर्देश असतो. नाचणाऱ्याची साहजिकच अशी समजूत होते की आपण १७४९ मधील नृत्य करीत आहो. या समजुतीत तथ्य किती आणि विसाव्या शतकातील संपादकांचा अध्याहार किती, हे ठरविल्याशिवाय या नृत्यांचा सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करता येणार नाही.

प्रथम नावाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'कंट्री डान्स' याचे भाषांतर 'ग्रामनृत्य' असे करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ज्या स्वरूपात हा प्रकार ग्रंथांतून आढळतो ते स्वरूप सभागृहातील, सुशिक्षित व संपन्न वर्गाचे आहे. फ्रेंचांनी हा प्रकार इंग्लंडातून उचलला तेव्हा त्यास 'कोंत्रदांस', म्हणजे समोरासमोरचे नृत्य, असे नाव मिळाले, आणि वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ते मूळ नावापेक्षा अधिक चपखल आहे. पुरुषांची एक रांग व स्त्रियांची एक रांग समोरासमोर उभी राहते. वादकांच्या बाजूचे टोक ते वरचे टोक. तेथील जोडी ती पहिली जोडी. ती आपल्या शेजारच्या एक वा दोन जोड्यांसह एक आवर्तन पुरे करते आणि एक स्थान खाली सरकते. मग तेच आवर्तन पुढच्या जोड्यांसह. या सरकण्यास पुढील विवेचनात 'क्रमांतर' म्हटले आहे. ते या नृत्यप्रकाराचे प्राणतत्त्व होय, आणि संदिग्ध निर्देशांचा अर्थ लावताना सर्वांत भक्कम आधारही तेच देते.

ग्रंथपरंपरेचा आरंभ लंडनमध्ये होतो. जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हा शंभराहून अधिक नृत्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या पुढे पाऊणशे वर्षे निघत राहिल्या. पुरुषासाठी चंद्रकोर, स्त्रीसाठी वर्तुळ, काही पदन्यासांसाठी आद्याक्षरे, आणि धुनीचा कोणता भाग एकदा वा दोनदा वाजवावा हे दाखविणारे बिंदू, अशी एक आटोपशीर लेखनपद्धती त्याने वापरली. आरंभीच्या आवृत्त्यांत वर्तुळाकार, चौकोनी व ठरावीक जोड्यांची नृत्ये भरपूर आहेत. अठराव्या शतकात मात्र हव्या तितक्या जोड्यांची लांब रांग हाच प्रकार जवळजवळ सर्वत्र रूढ झाला. स्कॉटलंडात ही फॅशन दक्षिणेकडून आली. १७२३ सालापासून एडिंबरातील असेंब्लीत ती स्थिरावली आणि तेथे तिला स्कॉटिश धुनी व रीलची चाल यांची जोड मिळाली.

स्कॉटिश साधनांत डेव्हिड यंग याची हस्तलिखिते विशेष महत्त्वाची आहेत. एक त्याने १७३७ मध्ये ड्यूक ऑफ पर्थसाठी लिहिले. दुसरे, १७४० सालचे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. यंग हा व्यवसायाने सुलेखनाचा शिक्षक होता. अक्षर इतके देखणे आणि निर्देश इतका त्रोटक, असा विरोधाभास क्वचितच पाहावयास मिळतो. यानंतर लंडनच्या वॉल्श, रदरफर्ड, टॉमसन, प्रेस्टन इत्यादी प्रकाशकांची छापील पुस्तके येतात. यांतील पुष्कळ पुस्तके दरवर्षी नव्या हंगामासाठी चोवीस नृत्ये या मापाने निघत. स्कॉटिश नावाची धून खपत असे, म्हणून ती छापली जाई. तिच्याखालची रचना स्कॉटलंडात कोणी कधी नाचले होते की नाही याची चौकशी प्रकाशकाने केली असेल असे मानण्यास आधार नाही.

आता खुद्द निर्देशांकडे वळू. त्यांतील मौन एकाच जातीचे नाही, आणि ही भिन्नता लक्षात न घेता सर्व संदिग्धतांना एकच मोजपट्टी लावल्याने बराच घोटाळा झालेला आहे.

काही मौने अशी आहेत की नृत्याची रचनाच ती भरून काढते. 'कोपऱ्यांपुढे पाय खेळवावेत' एवढेच म्हटले असेल, तर पहिली जोडी त्या क्षणी दोन जोड्यांच्या मध्ये उभी असली पाहिजे. वर दुसरी जोडी व खाली तिसरी जोडी असल्याशिवाय कोपरे निर्माणच होत नाहीत. म्हणजे तत्पूर्वी पहिली जोडी एक स्थान खाली गेली आणि दुसरी जोडी वर सरकली, हे दोन्ही अध्याहृत आहे. निर्देशात दुसऱ्या जोडीचे नावही नसते. तरी तिचे वर सरकणे निःसंशय आहे. तसेच, हे नृत्य तीन-तीन जोड्यांच्या उपगटांचे आहे हेही त्या एका 'कोपरे' शब्दावरून सिद्ध होते. उलट चारच जणांचे वर्तुळ आणि दुसऱ्या जोडीशी हातांची अदलाबदल एवढेच असेल, तर दोन जोड्यांचा उपगट पुरतो.

क्रमांतराचा आधार याच प्रकारचा आहे. आवर्तनाच्या अखेरीस पहिली जोडी दुसऱ्या स्थानी असलीच पाहिजे. निर्देशातील स्पष्ट हालचालींनी ती तेथे पोहोचत नसेल, तर ज्या हालचालीचा अर्थ संदिग्ध आहे तिच्यातच क्रमांतर दडलेले असणार, असे अनुमान करता येते. हे अनुमान तर्कशुद्ध आहे. पण निर्देशाचा पाठ पूर्ण आहे, हे गृहीत धरल्यावरच. नक्षीकामगाराने तांब्याच्या पत्र्यावर जागा अपुरी पडली म्हणून शेवटचे दोन शब्द गाळले असतील, तर याच अनुमानाने एका निरपराध हालचालीवर क्रमांतराचा भार लादला जातो. असे काय घडू शकते, हे पुढे आलमांडच्या उदाहरणात दिसेल.

दुसऱ्या जातीची मौने तालखंडांच्या हिशेबाने भरून निघतात. प्रत्येकी आठ तालखंडांचे धुनीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मिळून बत्तीस तालखंड, हे सर्वसाधारण माप. निर्देशात मधूनमधून बिंदू व रेषा यांची चिन्हे असतात. पहिला भाग एकदा संपला, दुसऱ्यांदा संपला, दुसरा भाग संपला, अशा खुणा त्यांनी केलेल्या असतात. दोन खुणांमधल्या मजकुराने आठ तालखंड व्यापले पाहिजेत. त्या अवधीत तीन हालचाली सांगितल्या असतील तर त्यांपैकी एक चार खंडांची आणि दोन प्रत्येकी दोन खंडांच्या असणार. आणि दोन खंडांत जोडीदाराभोवती पुरा फेरा शांतपणे घेता येत नाही, तेव्हा तो अर्धाच असावा. आजच्या पुस्तकांत प्रत्येक हालचालीमागे तालखंडांचे आकडे छापलेले असतात. जुन्या चिन्हांचे ते सुधारलेले रूप समजावयास हरकत नाही. चिन्हांत चूक मात्र वारंवार होते. एकाच नृत्याच्या दोन छापांत चिन्ह एका शब्दाने मागेपुढे सरकलेले असले, तर नृत्याचा सगळा तोल बदलतो.

तिसरी जात सर्वांत अवघड. 'सहांनी हात धरून फिरावे' हा निर्देश घ्या. त्यास आठ तालखंड मिळाले आहेत असे चिन्हांवरून निश्चित झाले, तरी दोन अर्थ संभवतात. वर्तुळ डावीकडे फिरत पूर्ण एक फेरा करून मूळ जागी येईल. किंवा चार खंड डावीकडे जाऊन उरलेल्या चार खंडांत उजवीकडे परत येईल. दोन्ही अर्थांत नर्तक शेवटी एकाच जागी पोहोचतात, म्हणून पुढची हालचाल काहीच साक्ष देत नाही. क्रमांतरही देत नाही, तालखंडही देत नाहीत. येथे अर्थनिर्णय होतो तो रूढीने, आणि रूढी कोणत्या काळाची हा वादाचा विषय आहे. आज जाऊन-परत-येणे हीच सर्वमान्य रीत आहे. तिच्यामुळे वाचकास दुसरा अर्थ सुचतही नाही, हेच तिच्यातील खरे संकट होय. पावलांच्या बाबतीतही तीच कथा. 'पाय खेळवावेत' या शब्दांखाली आज पादबास्क या नावाचे पाऊल टाकले जाते. १७४० मध्ये एडिंबरात कोणते टाकीत, हे निर्देशांवरून कळत नाही. अॅबर्डीनचे नृत्यशिक्षक फ्रान्सिस पीकॉक यांनी १८०५ साली रीलमधील काही पावलांची गेलिक नावांसह वर्णने प्रसिद्ध केली. ती मोलाची आहेत, परंतु ती रीलची आहेत आणि यंगनंतर दोन पिढ्यांनी लिहिलेली आहेत.

अशा वेळी अभ्यासक टॉमस विल्सन यांच्याकडे धाव घेतात. लंडनच्या किंग्ज थिएटरशी संबंधित असलेल्या या नृत्यशिक्षकाने १८०८ साली कंट्री डान्सचे विश्लेषण करणारा ग्रंथ काढला आणि पुढील दशकात आणखी काही ग्रंथांची भर घातली. प्रत्येक हालचालीची आकृती, तिला लागणारे तालखंड, प्रत्येक नर्तकाचा मार्ग असे सर्व त्यांनी रेखाटून दाखविले. त्यांच्या परिश्रमाविषयी दुमत नाही. पण विल्सन हे वर्णन करीत नसून नियमन करीत होते. समकालीन नाचणाऱ्यांच्या चुकांविषयी त्यांची तक्रार पानोपानी आढळते, आणि ज्या अर्थी ते इतके चिडतात त्या अर्थी प्रत्यक्षातील रीत त्यांच्या आकृत्यांहून वेगळी असली पाहिजे. शिवाय १८०८ च्या आकृतीने १७४० चा निर्देश वाचणे म्हणजे सत्तर वर्षांचे अंतर शून्य मानणे. विल्सन यांची साक्ष जेथे खरोखर उपयोगी पडते ते ठिकाण वेगळेच आहे. त्यांच्या काळी वरच्या टोकाची जोडी, बहुधा तीतील स्त्री, आवडीची धून निवडून तिच्यासाठी रचना जाहीर करी. त्यांच्या पुस्तकांत एकाच धुनीखाली अनेक पर्यायी रचना दिलेल्या आहेत. यावरून धून, नाव आणि रचना यांचे नाते सैल होते, हे निर्विवादपणे ठरते. 'अमुक नृत्याची खरी रचना कोणती' हा आज तावातावाने विचारला जाणारा प्रश्न त्या काळच्या नर्तकास कदाचित समजलाही नसता.

एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ, क्वाड्रिल व पोल्का यांनी इंग्लंडच्या सभागृहांतून कंट्री डान्स जवळजवळ हद्दपार केला. स्कॉटलंडात तो टिकला, पण मर्यादित संख्येने. गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक, ज्यांना लोक 'डान्सी' म्हणत, थोडीशीच नृत्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर ही परंपराही क्षीण होत आहे असे दिसू लागले. इझोबेल स्ट्यूअर्ट ऑफ फॅस्नाक्लॉइख या गर्ल गाइड चळवळीत काम करणाऱ्या बाईंनी पॅटर्सन्स या प्रकाशनसंस्थेच्या मायकेल डायॅक यांच्याकडे नृत्यांचे पुस्तक काढण्याची कल्पना मांडली. त्यातून त्यांची गाठ ग्लासगोच्या जीन मिलिगन यांच्याशी पडली, आणि २६ नोव्हेंबर १९२३ रोजी ग्लासगो येथे स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीची स्थापना झाली. पहिले पुस्तक १९२४ मध्ये निघाले. त्यात बारा नृत्ये होती. १९२७ पासून सेंट अँड्रूज येथे उन्हाळी वर्ग भरू लागले आणि १९५१ मध्ये सोसायटीस 'रॉयल' ही उपाधी मिळाली.

मिलिगन (१८८६–१९७८) या जॉर्डनहिल येथील अध्यापक महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या, ही गोष्ट या विषयात दुर्लक्षून चालणार नाही. ज्याला शेकडो विद्यार्थिनींना एकाच वेळी एकच हालचाल शिकवावयाची असते त्याला 'येथे दोन अर्थ संभवतात' असे म्हणून थांबता येत नाही. त्याला निर्णय हवा असतो. पहिल्या पुस्तकातील 'पेट्रोनेला' किंवा 'फ्लॉवर्स ऑफ एडिंबरा' यांसारखी नृत्ये अजून लोकांच्या पायांत होती. तेथे प्रश्न प्रादेशिक भेदांतून एक रूप निवडण्याचा होता. परंतु हा साठा लवकरच संपला आणि संपादक जुन्या संग्रहांकडे वळले. तेथे सांगणारे कोणी नव्हते. तेव्हा जिवंत परंपरेतून मिळालेल्या हालचालींचा एक संच प्रमाण मानून जुन्या शब्दांवर तो बसविण्यात आला. रांगेचेही तसेच झाले. जुन्या काळी पंधरा-वीस जोड्यांची रांग असे आणि वरची जोडी नाचत खालपर्यंत जाई. आता चार जोड्यांचा संच ठरला, प्रत्येक जोडीने दोनदा नाचावयाचे, म्हणजे बत्तीस तालखंडांची आठ आवर्तने, एकूण २५६ तालखंड. वर्गात शिकविण्यास व सभागृहात बसविण्यास ही व्यवस्था उत्तम आहे. ती अठराव्या शतकाची मात्र नाही.

आलमांडचे उदाहरण येथे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्देशांत 'आलमांड' हा शब्द वारंवार येतो. त्या काळच्या नृत्यशिक्षणात त्याचा अर्थ ठाऊक आहे : दोन नर्तकांनी पाठीमागून हात गुंफून जागच्या जागी एकमेकांभोवती वळणे. फ्रान्समध्ये याच नावाच्या नृत्याची फॅशन होती आणि तीत हातांच्या गुंफणीस फार महत्त्व होते. या हालचालीत दोन जोड्यांच्या स्थानांची अदलाबदल होत नाही. होण्याचे कारणही नाही. आजच्या स्कॉटिश आलमांडमध्ये मात्र दोन जोड्या एकीमागे एक उभ्या राहतात, पुरुष स्त्रीचा उजवा हात तिच्या खांद्यावरून आणि डावा हात समोरून धरतो, दोन्ही जोड्या एकापाठोपाठ वळणे घेत जातात आणि आठ तालखंडांच्या अखेरीस त्यांची स्थाने बदललेली असतात. म्हणजे क्रमांतर या हालचालीने साधले जाते.

नावाखेरीज या दोहोंत साम्य शोधण्यास बरेच औदार्य लागते. अर्थ असा का पालटला, याचा उलगडा वर सांगितलेल्या अनुमानाने होतो. मधून खाली जावे, परत वर यावे, आलमांड करावे, असा शेवट असलेला निर्देश घ्या. 'वर येणे' म्हणजे मूळ स्थानी येणे असे धरले, तर पहिली जोडी अजून पहिल्या स्थानीच आहे आणि शेवटचे आठ तालखंड उरले आहेत. क्रमांतर झालेच पाहिजे. म्हणून आलमांडमध्येच ते आहे. पण 'परत वर यावे' या शब्दांपुढे अनेक संग्रहांत 'आणि बाहेरून वळून एक स्थान खाली जावे' असे शब्द येतात. जेथे ते येत नाहीत तेथे ते अध्याहृत मानले, तर क्रमांतर आधीच साधते आणि आलमांड निव्वळ जागच्या जागी वळण्याचे राहते. दोन अध्याहारांपैकी दुसरा लहान आहे, त्याला त्याच काळच्या इतर निर्देशांचा आधार आहे, आणि शब्दाचा ज्ञात अर्थ त्याने मोडत नाही. मीमांसेच्या दृष्टीने लाघव त्याच्या बाजूस आहे. तरीही पहिला रूढ झाला. कारण तो पाहावयास सुंदर होता आणि वर्गात शिकविता येत होता. नृत्य म्हणून त्याची किंमत यामुळे कमी होत नाही, पण अठराव्या शतकाचा पुरावा म्हणून तो स्वीकारता येणार नाही.

इंग्लंडात सेसिल शार्प यांनी याच मार्गाने जाऊन याच प्रकारच्या अडचणी निर्माण केल्या होत्या. १९०९ साली त्यांनी खेड्यांतून प्रत्यक्ष पाहिलेली नृत्ये प्रसिद्ध केली आणि १९११ मध्ये प्लेफर्डच्या नृत्यांची पुनर्रचना. प्लेफर्डमधील 'साइड्स' या शब्दाचा अर्थ त्यांनी असा लावला की जोडीदारांनी वक्र मार्गाने एकमेकांशेजारून जाऊन जागा बदलावी व तशाच रीतीने परत यावे. पुढे पॅट शॉ (१९१७–१९७७) यांनी जागा न बदलता खांद्याला खांदा येईपर्यंत पुढे जाऊन मागे यावे असा साधा अर्थ सुचविला. आज दोन्ही रीती त्या त्या संशोधकाच्या नावाने ओळखल्या जातात आणि नृत्यसभेत कोणती करावयाची हे आधी सांगावे लागते. ही प्रथा प्रामाणिक आहे. हालचालीस संशोधकाचे नाव दिल्याने ती प्लेफर्डची नसून त्याच्या भाष्यकाराची आहे, हे निदान उघड राहते. स्कॉटिश परंपरेत प्रमाण पुस्तिकेचा अधिकार इतका मोठा ठरला की भाष्यकार सूत्रातच विरून गेला.

या अधिकारास प्रश्न विचारणाऱ्यांत गणिती व सांकेतिक लिपींचे उलगडे करणारे लोक ठळकपणे दिसतात, हे नवल नव्हे. ह्यू फॉस (१९०२–१९७१) यांचा जन्म जपानातील कोबे येथे झाला. ब्रिटिश सरकारच्या संकेतलिपी विभागात त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एनिग्मा यंत्राच्या व्यापारी नमुन्याची चिकित्सा केली, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जपानी विभागाचे प्रमुखपद सांभाळले. हेच फॉस स्कॉटिश कंट्री डान्सचे जाणते अभ्यासक होते, 'जे. बी. मिल्न' व 'फ्यूगल फर्गस' ही त्यांची रचलेली नृत्ये आजही नाचली जातात, आणि या नृत्यप्रकारात काळानुसार कोणती परिवर्तने झाली यावर त्यांनी टिपणे लिहिली. 'स्कॉटलंड्स डान्सेस' (१९५४) या ग्रंथाचे कर्ते ह्यू थर्स्टन हे गणिताचे प्राध्यापक. टी. एम. फ्लेट यांचे नाव तर मध्यमान सिद्धान्ताच्या एका रूपास लाभलेले आहे.

फ्लेट आणि त्यांच्या पत्नी जोन यांचा 'ट्रॅडिशनल डान्सिंग इन स्कॉटलंड' (१९६४) हा ग्रंथ पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हटला पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी ज्यांनी डान्सींकडून नृत्य शिकले होते अशा वृद्धांना गावोगाव भेटून त्यांनी माहिती गोळा केली. कोणत्या भागात कोणते नृत्य, कोणत्या काळात, कोणत्या पावलांनी, हे नोंदविले. यातून दिसले ते असे की एकाच नावाच्या नृत्याची रूपे प्रांतागणिक वेगळी होती आणि त्यांपैकी कोणतेही अशुद्ध नव्हते. मौखिक साक्षीची मर्यादाही येथेच स्पष्ट होते : ती १८८० च्या पलीकडे फारशी नेता येत नाही. १७४९ च्या हस्तलिखितावर ती प्रकाश टाकते तो तिरकसच.

निर्देश रचनाकाराच्या हयातीतही किती दुर्बोध असू शकतो याचे एक विलक्षण उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. जून १९४० मध्ये सेंट व्हालेरी येथे ५१ व्या हायलँड डिव्हिजनचे सैनिक जर्मनांच्या हाती सापडले. बव्हेरियातील लाउफेनच्या बंदिवासात त्यांच्यातील अधिकाऱ्यांनी एक नवे नृत्य रचले, ज्याच्या मध्यभागी नर्तकांच्या तिरक्या रांगांनी संत अँड्रूचा क्रूस उमटतो. त्याचे वर्णन पत्रातून घरी धाडले गेले तेव्हा जर्मन तपासनिसांनी ती एखादी सांकेतिक लिपी समजून उलगडण्याचा खटाटोप केला, अशी आख्यायिका सांगितली जाते. खरी असो वा नसो, तिच्यातील तपासनीस जुन्या संग्रहांच्या आजच्या वाचकाहून फार निराळा नाही. ते नृत्य सोसायटीच्या १९४५ च्या पुस्तकात प्रसिद्ध झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिलिंग यांच्या खिशात मावणाऱ्या हिरव्या पुस्तकाने नृत्ये आकृतींनी दाखविण्याची सोय केली, आणि १९९२ मध्ये सोसायटीने सविस्तर प्रमाण पुस्तिका काढली. नव्या रचनांच्या दृष्टीने संदिग्धता यामुळे पुष्कळच कमी झाली. जुन्या संग्रहांना मात्र या साधनांचा उपयोग होण्याऐवजी अपायच संभवतो. आकृती काढावयाची म्हणजे प्रत्येक मौनाच्या जागी रेघ ओढावी लागते, आणि ओढलेली रेघ मौनाची आठवण ठेवीत नाही.

याहून अधिक उपयोगी पडते ती समांतर परंपरांची तुलना. 'मनिमस्क' ही धून डॅनियल डाउ यांनी १७७० च्या दशकात एडिंबरात प्रसिद्ध केली. त्या नावाचे नृत्य लंडनमध्ये प्रेस्टनच्या १७८६ च्या संग्रहात आले, आणि तेथून सोसायटीने ते घेतले. तत्पूर्वीच हे नाव व त्याबरोबरची रचना अटलांटिक ओलांडून न्यू इंग्लंडात गेली होती आणि तेथील सभागृहांत खंड न पडता नाचली जात होती. तिघा-तिघांच्या आडव्या ओळी आणि तिघा-तिघांच्या उभ्या ओळी हा गाभा दोन्हीकडे समान आहे. अठराव्या शतकातील संग्रहांत या हालचालीसाठी 'वर-खाली तिघे-तिघे, बाजूंना तिघे-तिघे' अशा धाटणीचा निर्देश असतो. पहिली जोडी एका रचनेतून दुसरीत कशी जाते हे त्यात सांगितलेले नसते. स्कॉटलंडात आज आधी आडव्या ओळी होतात, नंतर उभ्या, आणि हे सारे बत्तीस तालखंडांच्या संथ स्ट्रॅथस्पेवर. न्यू इंग्लंडात चाल वेगवान, तालखंड चोवीस, आणि क्रम उलटा : पहिली जोडी उजव्या हाताने दीड फेरा घेऊन विरुद्ध बाजूंना जाते, एक स्थान खाली सरकते, उभ्या ओळींत पुढे-मागे होते; मग पाऊण फेरा, आडव्या ओळी; मग पुन्हा पाऊण फेरा. दीड, पाऊण आणि पाऊण मिळून नेमके तीन पूर्ण फेरे होतात आणि जोडी आपापल्या बाजूस पोहोचते. हा हिशेब इतका चोख आहे की तो पाठांतरासाठी मागाहून बसविला असावा, अशी शंका येते. पण तो दीडशेहून अधिक वर्षे पायांनी वाहिलेला आहे, आणि स्कॉटलंडातील रूप १७८६ च्या पानावरून विसाव्या शतकात उभे केलेले आहे. दोहोंपैकी प्रेस्टनच्या जवळचे कोणते हे ठरविण्यापूर्वी त्या दोन-तीन दशकांत 'मनिमस्क' या नावाखाली छापल्या गेलेल्या सर्व रचना, चिन्हांसह, एकाशेजारी एक मांडाव्या लागतील.